पंकात पाय

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आला आणि पहाटे चौफुलीवर उतरला, तेव्हा त्याच्या शेजारून मी दोनदा मोटारसायकल नेली. ओळखलाच नाही. दोन्ही कानांवरचं रान साफ भादरलेलं आणि मधोमध, कपाळापासून मानेपर्यंत, केसांचा उभा तुरा. अंगात काळं जॅकेट, त्यावर जागोजागी सेफ्टी पिना. पँट दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली. मला वाटलं, ट्रॅव्हल्सला अपघात झालेला दिसतो. बिचाऱ्याला सिव्हिलला सोडायचं का ते तरी विचारावं. तेवढ्यात तो तुराच म्हणाला, "मामा, मी आहे."

घरी आई ओट्यावर बसली होती. तिने चष्मा काढला, पदराला पुसला, परत लावला. तरी तुरा जागचा हलेना.

"तुना केसस्ले काय व्हयनं रे भो?"

"आजी, हे पंक आहे."

"पंख शे का? मंग उडी दखाड."

एवढं बोलून तिने त्याला जवळ ओढला आणि जॅकेटवरच्या पिना मोजल्या. सत्तावीस भरल्या. आमच्याकडच्या बाईच्या बांगडीत एक तरी पिन अडकवलेली असतेच. साडी, पायातला काटा, तुटलेली चप्पल, नातवाच्या सदऱ्याचं गेलेलं बटण, सगळ्यांवर ती एकच दवा. आईची पिन नेमकी दसऱ्याला कुठेतरी पडली होती. तिने त्याच्या जॅकेटवरच्या दोन बऱ्या बघून काढल्या आणि आपल्या बांगडीत अडकवल्या. "इतल्या पिना काय करशी?" असं वर त्यालाच विचारलं. पाश्चात्त्य बंडखोरीचा नंदुरबारशी पहिला व्यवहार हा असा झाला. दोन पिना आम्ही वसूल केल्या.

मी मराठीचा मास्तर. शब्द दिसला की फोड करायची खोड. त्याला म्हटलं, "अरे, पंक म्हणजे चिखल. पंकात जन्मतं ते पंकज. कमळ."

"मामा, हा इंग्रजीतला पंक आहे."

"त्याचा अर्थ काय?"

"वाया गेलेला. टपोरी. तसलं काहीतरी."

"म्हणजे चिखलच की!"

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि फराळाच्या ताटावर मला या संगीताचा इतिहास ऐकवला. १९७४ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या चार पोरांनी रामोन्स नावाचा बँड काढला. १९७६ साली त्यांची पहिली तबकडी आली, तिच्यात चौदा गाणी, आणि सगळी मिळून एकोणतीस मिनिटं. मी मनात हिशेब केला. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांच्या परिचयालाच एवढा वेळ लागतो. ही पोरं वाजवायची कुठे, तर सीबीजीबी नावाच्या एका हॉटेलात. हिली क्रिस्टल या गृहस्थाने ते १९७३ साली काढलं ते कण्ट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज अशी तीन सभ्य संगीतं ऐकवायला. पाटीवरची अक्षरंही त्यांचीच. आत मात्र भलतीच मंडळी शिरली आणि नाव त्यांचं झालं. यात मला काही नवल वाटलं नाही. आमच्याकडे पाटीवर 'मंगल कार्यालय' असतं आणि आत साड्यांचा सेल, पक्षाचा मेळावा आणि क्लासवाल्यांचा गुणगौरव चालतो. अधूनमधून लग्नंही लागतात.

लंडनच्या सेक्स पिस्टल्स या बँडचा पहिला कार्यक्रम ६ नोव्हेंबर १९७५ ला सेंट मार्टिन्स या कलेच्या कॉलेजात झाला, आणि मध्येच कुणीतरी त्यांची वायर उपटली, असं सांगतात. हे सांगताना भाच्याचे डोळे चमकले. आई म्हणाली, "लाइट गयी व्हई." तिने आयुष्यभर भारनियमन पाहिलंय. वीज गेल्यामुळे कार्यक्रम बंद पडणं ही तिच्या लेखी क्रांती नाही, ते वेळापत्रक आहे.

पण खरं दुखणं पुढे होतं. भाच्याने मोबाइलवर मला येणाऱ्या कार्यक्रमांची यादी दाखवली. पुण्यात अमुक तारखेला, मुंबईत तमुक. २०१० पासून पुण्यात एनएच-सेव्हन वीकेण्डर नावाची संगीताची जत्रा भरू लागली, हे त्याने सांगितलं. मुंबईत तर १९८६ सालापासून इंडिपेन्डन्स रॉक होतं, धोबीतलावच्या रंगभवनात पोरांनी माना हलवून हलवून मोडून घेतल्या. "आणि नंदुरबारला? मामा, तुमच्याकडे काहीच होत नाही."

"तुमच्याकडे" हा शब्द मला लागला. ज्याचं बारसं या ओट्यावर झालं, तो चार सेमिस्टरांत "तुमच्याकडे" म्हणू लागला. वर त्याने जाहीर केलं की नंदुरबार जिल्ह्यातला पहिला पंक कार्यक्रम आपणच करणार. बँड तयार होता. गिटार हा, बास लातूरचा, ड्रम अकोल्याचा, गायक पिंपरीचा. बँडचं नाव शाळेच्या मास्तराला लिहिता येण्यासारखं नाही.

पहिला प्रश्न जागेचा. आम्ही एका मंगल कार्यालयात गेलो. व्यवस्थापक वही उघडून बसले.

"वरपक्ष का वधूपक्ष?"

"लग्न नाहीये. कॉन्सर्ट आहे."

"बरं. मुहूर्त कितीचा?"

"साडेसातला सुरू."

"गोरज." त्यांनी लिहून घेतलं. "पानं किती?"

"पानं?"

"पंगतीची हो. जेवायला किती?"

"जेवण नाही."

व्यवस्थापकांनी पेन खाली ठेवलं. तुरा, पिना, फाटकी पँट हे सगळं त्यांनी पोटात घातलं होतं. पण लोकांना बोलवायचं आणि जेवायला घालायचं नाही, हे त्यांना सोसवलं नाही. "असं कसं चालेल भाऊ? निदान मठ्ठा-जिलेबी तरी ठेवा. लोकं नाव ठेवतील."

दुसरी जागा भाच्यानेच हेरली. गावाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या. ज्यांनी नंदुरबार पाहिलं नाही त्यांना सांगतो, आमचा मिरचीचा बाजार राज्यात नावाजलेला, आणि दिवाळीच्या सुमारास गावाबाहेरच्या मोकळ्या जागांवर ओली लाल मिरची वाळत पसरलेली असते. नजर जाईल तिथवर लाल. भाचा म्हणाला, "मामा, काय सेट आहे! स्टेज मागे, समोर हे सगळं रेड!" आणि गायकाला व्हिडिओ कॉल लावून दाखवायला लागला. तेवढ्यात वारं फिरलं. भाच्याला पहिली शिंक आली. मग दुसरी. अकराव्या शिंकेला तुरा एका बाजूला कलला. डोळे लाल, नाकातून धार, घशातून आवाज असा की पलीकडून पिंपरीचा गायक ओरडला, "भावा, हाच आवाज! हाच पाहिजे! कसा काढला?" पंकच्या गायकाला घसा फोडून किंचाळायला वर्षं घालवावी लागतात म्हणे. आमच्याकडे पथारीवरच्या बायका तोंडाला फडकं बांधून दिवसभर त्याच मिरचीत देठ खुडत असतात, आणि फडक्याआडून गप्पाही मारतात. त्यातली एक आमच्याकडे बघून हसली आणि तिने भाच्याला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं.

तिसरी जागा मी सुचवली, नवापूर स्टेशन. या स्टेशनाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. मधल्या बाकड्यावर हद्द रंगवलेली. एक जण महाराष्ट्रात बसतो, त्याची बायको गुजरातेत. सूचना मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चारही भाषांत. म्हटलं, ड्रमवाला गुजरातेत बसव, गायक महाराष्ट्रात उभा कर. पोलीस आले तर कोणत्या राज्याचे यायचे यावरच तासभर जाईल, तोवर तुमची चौदा गाणी उरकतात. भाच्याला कल्पना पसंत पडली. फक्त त्याने विचारलं, "बॅकस्टेज कोणत्या बाजूला?" मी म्हटलं, "तुमच्या मंडळींच्या सवयी बघता महाराष्ट्रातच. तिकडे दारूबंदी आहे." पण प्लॅटफॉर्मवर गिटार वाजवायला रेल्वे परवानगी देईल, ही आशा चारही भाषांत फोल होती.

जागा ठरली नव्हती तरी भाच्याने पोस्टर करायला घेतलं. त्या सेक्स पिस्टल्सची पोस्टरं जेमी रीड नावाचा चित्रकार करायचा. वर्तमानपत्रातली अक्षरं कापून चिकटवल्यासारखी, एक मोठं, एक छोटं, एक तिरकं, खंडणीच्या चिठ्ठीत असतात तशी. भाच्याने रात्र जागून तसंच केलं आणि आम्ही ते पेनड्राइव्हवर घेऊन फ्लेक्सवाल्याकडे गेलो. फ्लेक्सवाला पोरगा गुणी. त्याने स्क्रीनकडे पाहून चुकचुक केलं.

"दादा, फॉण्ट फाटलाय तुमचा. थांबा, नीट करून देतो."

आणि भाचा "अरे, अरे" करेपर्यंत त्याने सगळी अक्षरं एका मापाची, एका ओळीत बसवली. पिवळी केली. मागे सूर्याची किरणं सोडली. रिकामी जागा राहिली म्हणून दोन्ही कोपऱ्यांत गुलाब ठेवला. मग विचारलं, "फोटो कुणाकुणाचे?"

"फोटो नाहीत."

"शुभेच्छुक?"

"शुभेच्छुक पण नाहीत."

"मग लोकांना कळणार कसं की हे कुणाच्या विरोधात आहे?"

या वाक्यावर मी अजून विचार करतोय. आमच्या गावात फ्लेक्सवर कोण आहे यापेक्षा कोण नाही यावरून राजकारण कळतं. त्या पोराला पंक कळला नव्हता, पण विरोध नेमका कळला होता. शेवटी त्याने स्वतःच्या मनाने भाच्याचा एक फोटो काढला, गॉगल चढवला, मोबाइल कानाला लावला आणि खाली लिहिलं, 'आपलाच लाडका'. भाच्याने तो फ्लेक्स घरी आणला. आई म्हणाली, आता कुठे माणसासारखा दिसतोय.

राहिली परवानगी. एका कार्यालयात अर्ज मिळाला. त्यात 'कार्यक्रमाचं स्वरूप' असा रकाना होता: धार्मिक, सांस्कृतिक, राजकीय, इतर. भाचा म्हणाला, "हे कशातच बसत नाही, तोच तर मुद्दा आहे." कारकून साहेब सभ्य होते. म्हणाले, "पंक म्हणजे काय ते एका ओळीत सांगा, मी बसवतो." भाचा म्हणाला, "व्यवस्थेच्या विरोधात तरुणांचा आक्रोश." साहेबांनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं: 'इतर (युवक मेळावा)'. मग जागामालकाचं संमतिपत्र, विजेच्या तात्पुरत्या जोडणीचा अर्ज, ध्वनिक्षेपकाचा अर्ज, ओळखपत्राच्या झेरॉक्स प्रती दोन. व्यवस्थेच्या विरोधात ओरडायचं तर व्यवस्थेकडून दोन प्रतींत परवानगी घ्यावी लागते, हे त्या लंडनच्या पोरांना बहुधा कुणी सांगितलं नव्हतं. आणि रात्री दहाला आवाज बंद. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक नाही. मुंबईचं रंगभवनसुद्धा याच नियमांपुढे गप्प झालं. बाजूला इस्पितळं आणि कॉलेज, म्हणजे शांतता क्षेत्र. जिथे मुंबईचे मोठमोठे स्पीकर थकले, तिथे आमच्या 'इतर'ची काय कथा?

भाचा तुरा पाडून पुण्याला गेला. जाताना म्हणाला, "मामा, इथे काहीच होऊ शकत नाही."

या वेळी मात्र मी गप्प बसलो नाही. त्याच्याच पद्धतीने एक यादी तयार केली आणि मोबाइलवर धाडली. 'नंदुरबार जिल्हा: आगामी कार्यक्रम. मार्गशीर्ष: सारंगखेडा, दत्तजयंतीची यात्रा, घोड्यांचा बाजार, तमाशाचे फड. वादक: सगळे. फाल्गुन: धडगावकडे भोंगऱ्या बाजार, मग काठीची होळी. वादक: सगळे. चैत्र-वैशाख: लग्नं. वादक: सगळे. श्रावण: कानबाई. वादक: सगळे. तिकीट: नाही. जेवण: आहे.' त्याचं उत्तर आलं, एक हसरं तोंड. पण होळीला तो आला.

काठी गावची होळी आम्ही दोघांनी पाहिली. अक्कलकुवा सोडून सातपुड्याच्या घाटांतून वर जायचं. ही होळी १२४६ सालापासूनची, असं तिथे सांगतात. भाचा जीपमध्ये मला एका मुंबईच्या बँडचा 'लूक' दाखवत होता. रात्री त्या डोंगरात बुध्या आणि बावा होऊन आलेले गडी त्याने पाहिले आणि मोबाइल खिशात टाकला. डोक्यावर मोरपिसांचा हा एवढा मुकुट, उघड्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, कमरेला वाळल्या दुधीभोपळ्यांच्या आणि घुंगरांच्या माळा. पाऊल पडलं की शेकडो घुंगरं एका ठेक्यात. ढोल असे की आवाज कानाला नंतर ऐकू यायचा, आधी बरगडीला. आणि हा वेश चढवायच्या आधी दिवसेंदिवस कडक व्रत. खाटेवर झोपायचं नाही, घरसंसारापासून लांब राहायचं. पहाटे होळी पेटली तोवर पाय थांबलेले नव्हते.

भाच्याने शेजारच्या एका आजोबांना अदबीने विचारलं, "बाबा, हे किती वर्षं करता?" ते म्हणाले, "नवस फिटेपर्यंत." भाच्याचा तुरा त्या रात्री दवाने आपोआप खाली बसला. तो जेलवर उभा होता. समोरचे मुकुट नवसावर उभे होते. परतताना मी काही बोललो नाही. मास्तराला कुठे थांबायचं ते तेवढं एकदाच कळलं.

वैशाखात नवापूर तालुक्यात आमच्या एका शिक्षक मित्राच्या मुलाचं लग्न होतं. मावची आदिवासींचं घर. भाचा आपले तिन्ही सवंगडी घेऊन आला, 'फिल्ड स्टडी' म्हणून. मांडवासमोर एक पिकअप उभी होती. हौद्यात स्पीकरची भिंत, भिंतीच्या पोटात रंगीत दिवे, मागे जनरेटर, आणि वर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला ऑर्गनवाला. अंगाने किडकिडीत, तोंडात बडीशेप. एका हाताने तो सूर वाजवत होता, दुसऱ्या हातात चहाची बशी. ती गाडी गावातल्याच वेल्डिंगवाल्याने तयार केलेली. भाचा मला सांगायचा की पंकमध्ये सगळं स्वतःच्या हाताने करायचं असतं, कंपनीकडे जायचं नाही. इथे कंपनीला हा पत्ताच माहीत नव्हता.

टिमलीचा नाच सुरू झाला. पोरं, पोरी, बाया, म्हातारे, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून लांबच लांब रांगा. दोन पावलं पुढे, एक मागे, वळण. सगळी रांग एका अंगाची. कुणी कुणाला धक्का देत नव्हतं आणि कुणी सुटतही नव्हतं. भाच्याने घड्याळ लावलं. दहा मिनिटं झाली, तेच गाणं. वीस झाली. एकोणतिसाव्या मिनिटाला तो म्हणाला, "रामोन्सची चौदा गाणी संपली, मामा." इकडे ऑर्गनवाल्याने बशी खाली ठेवून नुकता दुसरा हात लावला होता. बावन्नाव्या मिनिटाला गाणं थांबलं, तेही वरमायला हळदीसाठी माणसं हवी होती म्हणून.

"किती कॉर्ड लावतोय रे तो?" मी विचारलं.

भाच्याने कान दिला. मग लातूरच्या बासवाल्याकडे पाहिलं. त्याने दोन बोटं वर केली.

"दोन," भाचा म्हणाला. "मामा, पंकला निदान तीन लागतात."

त्या रात्री मला त्याच्या पंकची गोम कळली, आणि आमच्या गावाचीही. त्या लंडन-न्यूयॉर्कच्या पोरांना म्हणायचं होतं की गाणं ही उस्तादांची मिरासदारी नाही. कुणीही उठावं, वाजवावं. वर वाजवणारा आणि खाली ऐकणारा यांच्यातलं अंतर मोडावं. तिकडे ते अंतर होतं म्हणून ते मोडणं हे बंड ठरलं. आमच्याकडे ते अंतर घालायलाच कुणाला सुचलं नव्हतं. त्यामुळे इथे बंड करायला येणाऱ्याची मोठी पंचाईत होते. तो ओरडतो, आणि लोक दचकायच्या ऐवजी त्याच्या खांद्यावर हात टाकून नाचायला लागतात.

आता, हे लिहिताना आपल्या आवाजाची फार आरती ओवाळावी असंही नाही. वरातीत डीजे लागतो तेव्हा आमच्या कपाटातल्या स्टीलच्या वाट्या आपणहून रांग बदलतात. गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं आणि दहावीचं पोर कानात बोळे घालून प्रमेय पाठ करतं. कुणी तक्रार करत नाही, कारण पुढच्या महिन्यात त्याच्याही घरी लग्न आहे. आवाज हा आमच्याकडे आहेरासारखा असतो. घेतला की फेडावा लागतो. म्हणून खरं सांगायचं तर नंदुरबारात अस्सल पंक एकच. जो आपल्या स्वतःच्या लग्नात डीजे लावत नाही तो. असा एक मी पाहिलाय. भावकीने त्याला वर्षभर तोंड दाखवू दिलं नाही. पोस्टर नाही, पिना नाही, आणि बंड मात्र पुरं.

श्रावण लागला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरी कानबाई बसते. खान्देशातली माणसं सुरतेत असोत की पुण्यात, त्या रविवारी घरी येतात. भाचा आला, तिन्ही मित्रांना घेऊन, वाद्यांसकट. म्हणाला, "बसल्या बसल्या प्रॅक्टिस होईल." पुरणपोळी, गंगाफळाची भाजी, खीर झाली. रोटाचा प्रसाद मात्र आमच्या घरच्या नियमाप्रमाणे फक्त भाऊबंदकीत. लेकीच्या पोरालासुद्धा नाही. भाच्याने वाद घालून पाहिला, समता वगैरे काढली. आईने ऐकून घेतलं आणि त्याच्या पानात तिसरी पुरणपोळी वाढली. व्यवस्था हुशार असते. ती नाकारते, पण उपाशी ठेवत नाही.

रात्रभर बायकांनी अहिराणी गाणी म्हटली. सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन मिरवणूक नदीकडे निघाली. रात्रीपासून पावसाची झड. रस्ता म्हणजे घोट्याएवढा रबडा. पुढे पिकअप, मागे सगळी गल्ली. फुगड्या चालल्या होत्या. वळणावर गाडीचा ऑर्गनवाला चहाला उतरला. तो गेला तो गेलाच. गाडी गप्प. मिरवणूक गप्प. देवी डोक्यावर घेतलेल्या माझ्या वहिनीने मान न हलवता, फक्त डोळ्यांनी, माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांचा अर्थ होता: काहीतरी वाजवा, मान अवघडली.

मी भाच्याकडे पाहिलं. चौघे गाडीवर चढले. ड्रमवाल्याने तिथलाच ढोल ओढला. पिंपरीच्या गायकाने माइक हातात घेतला, एक दोन तीन म्हटलं, आणि नंदुरबार जिल्ह्यातला पहिला पंक कार्यक्रम सुरू झाला. अर्ज नाही, मुहूर्त नाही, फ्लेक्स नाही. गाणं कॉलेजच्या फीवाढीविरुद्ध होतं, म्हणजे तसं भाच्याने मला नंतर सांगितलं. तिथे शब्द कुणाच्या बापाला कळत नव्हता. तीन कॉर्ड, ढोल सुसाट, आणि गायक असा किंचाळत होता की जणू मिरचीच्या पथारीवर उभा आहे.

गल्ली एक क्षण थबकली. मग माझ्या मावशीने पदर खोचला, शेजारणीचे हात धरले आणि फुगडी घातली. दुप्पट वेगात. लहान पोरं उड्या मारायला लागली. वहिनीची मान डोलू लागली. एका काकांनी पुढे होऊन दहाची नोट ढोलवाल्यावरून ओवाळून त्याच्या खिशात खोचली. अकोल्याचा तो पोरगा असा लाजला की ठेका चुकला, आणि चुकलेल्या ठेक्यावर लोक जास्तच नाचले.

दोन मिनिटं दहा सेकंदांत गाणं संपलं. पंकच तो.

"अर्रे! बंद कसं पडलं?" सगळीकडून ओरडा. "परत लावा!"

त्यांनी तेच गाणं सात वेळा वाजवलं. भाचा घामाघूम होऊन माझ्याकडे वाकला. "मामा, यांना कळतच नाहीये की हे निषेधाचं गाणं आहे!"

"कळलंय," मी म्हटलं. "फक्त ते तुझ्या बाजूने आहेत."

एवढ्यात ऑर्गनवाला चहा पिऊन परतला. आपली जागा गेलेली पाहून तो जराही चिडला नाही. खुर्चीवर बसला, एक बोट ठेवलं आणि त्यांच्या गाण्यात आपले दोन सूर मिसळून दिले. भाच्याने त्याला नमस्कार केला, आनंदाने गाडीवरून खाली उडी मारली, आणि रबड्यात सपशेल आडवा झाला. बूट, जॅकेट, तुरा, सगळं एका रंगाचं. उठताना पँट जी टर्रकन फाटली, ती दुकानात मिळते तशी गुडघ्यावर नव्हे. सांगण्यासारख्या जागी नव्हे.

पोरगा दोन्ही हात मागे धरून चिखलात उभा. मी मास्तर, माझ्या तोंडावर शब्द आला होता, पण आई पुढे झाली. तिने बांगडीतली पिन काढली, तोंडात धरली, नातवाला पाठमोरा केला, फाटलेल्या दोन्ही कडा जुळवल्या आणि सफाईने टाचून दिल्या.

"घे रे पंकज," ती म्हणाली, "तुनीच शे."